ठेवीवरचं पहिलं नाव

दर रविवारी साताऱ्याहून फोन यायचा तो आईच्या हातातला. त्यामुळे मृदुलाला पहिली काही मिनिटं साताऱ्याच्या फ्लॅटमधला पंखाच दिसायचा. त्या रविवारी फोन बाबांनी धरला होता, नाकाच्या फार जवळ, आणि त्यांना कामाचं बोलायचं होतं. बँकेत नवा मॅनेजर आला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ठेवीवरचं पहिलं नाव परदेशात राहत होतं, तेव्हा तिचा तिथला कराचा नंबर हवा, सही हवी आणि खात्याचा प्रकारही बदलायला हवा.

"घाई काही नाही," बाबा म्हणाले. "या आठवड्यात पाठव."

कुठली ठेव, असं मृदुलानं विचारलं. तिला कुठल्याच ठेवीची माहिती नव्हती. बाबांनी सांगितलं की आहे एक, जुनी, तिचं नाव पहिलं आणि त्यांचं दुसरं. मुदत संपली की ते नव्यानं ठेवतात. आता नऊ लाखांच्या वर गेली असेल. मग आईनं फोन ओढून घेतला आणि बोलणं डिसेंबरवर गेलं.

डिसेंबरमध्ये आईबाबा पहिल्यांदा न्यूझीलंडला यायचे होते. बाबांना शहात्तरावं लागलं होतं आणि दोन्ही गुडघे गेले होते. यंदा प्रवास जमेल, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मृदुला आणि यशोधननं त्यासाठी साडेपाच हजार डॉलर बाजूला ठेवले होते. जावयाच्या आणि मुलीच्या पैशानं विमानात बसायचं की नाही, यावर बाबा तीन रविवार विचार करत होते. आईनं दोघांच्या वतीनं होकार देऊन टाकला होता.

ठेवीचा खरा अर्थ मृदुलाच्या लक्षात आला तो सोमवारी, पेनरोजला, कामावर. ती एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. काचेवर ओढलेला पांढऱ्या रंगाचा पातळ थर वाळायची ती वाट बघत होती. अशा वेळी हाताला काम नसतं आणि लक्षही हलवता येत नाही. तिला तीन वर्षांपूर्वीचं एक ऑफिस आठवलं, आणि तिथे विचारलेला एक प्रश्न. इथे किंवा परदेशात, तुमच्या दोघांच्या नावावर काही पैसे आहेत का? ती नाही म्हणाली होती. बँकेत होते ते अठराशे डॉलर तिनं सांगितले होते, अगदी सेंटसकट.

तेव्हा यशोधनची कंपनी बंद पडली होती. अकरा महिने त्याला नोकरी नव्हती, आणि मृदुलाचं काम आठवड्यातून तीनच दिवस असायचं. टाकानिनीच्या दोन खोल्यांच्या घराचं भाडं तिच्या पगारातून जेमतेम निघायचं, आणि मग वाणसामानाला काही उरत नसे. म्हणून त्यांनी घरभाड्याचा सरकारी भत्ता घेतला. तो कुणाला मिळतो याचा नियम साधा होता. नवराबायकोच्या नावावर मिळून ठरावीक रकमेपेक्षा जास्त शिल्लक असेल, तर मिळत नाही. साताऱ्यातली ठेव त्या रकमेच्या वर होती. म्हणजे तो भत्ता त्यांना मिळायलाच नको होता.

संध्याकाळी तिनं हे यशोधनला सांगितलं. लेकीचा, सिद्धीचा, पोहण्याचा क्लास चालू होता आणि ते दोघं तलावाच्या कडेच्या बाकावर बसले होते. यशोधन आधी हसला. त्याच्या मते आपल्याकडे कुणाचं नाव कुठे नसतं, हाच प्रश्न होता. त्याचं स्वतःचं नाव बाळासाहेबकाकांच्या गॅसच्या कनेक्शनवर आहे, म्हणून उद्या तो सिलेंडर त्याच्या मालकीचा होणार का?

"सिलेंडर नऊ लाखांचा नसतो," मृदुला म्हणाली.

"कुणाला कळणार आहे पण?"

"मला कळलंय."

त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि हे वाक्य आलं की पुढे वाद घालण्यात वेळ जातो, एवढं यशोधनला माहीत होतं. पाण्यातून सिद्धीनं हात हलवला. त्यानंही हलवला. मग त्याला उपाय सुचला. पैसे बाबांचे आहेत, मृदुलाचं नाव फक्त सोयीसाठी लावलंय, म्हातारपणी काही झालं तर बँकेत अडायला नको म्हणून. तसं बाबांनी लिहून दिलं की झालं. खरं तेच तर लिहायचं होतं. मृदुलालाही ते पटलं. तिलाही तसंच वाटत होतं.

तरी ती आधी भत्त्याच्या ऑफिसात गेली, एकटीच, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. तिथे लोसा नावाची सामोअन बाई होती. मोठी, सावकाश बोलणारी, केसांत फूल खोचलेली. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून तिनं खुर्ची दाखवली आणि मृदुलाचं सगळं बोलणं मध्ये न थांबवता ऐकलं. मृदुलानं घरून येतानाच वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की तिला ठाऊक नव्हतं. लोसा म्हणाली की त्यावर तिचा विश्वास आहे. ज्याला लपवायचं असतं तो रजा टाकून इथे येत नाही. पण ठाऊक असणं-नसणं हा एक प्रश्न आणि पैसे कुणाचे हा दुसरा.

"नाव कुणाचं ते मला बँक सांगेल," ती म्हणाली. "पैसे कुणाचे ते तुमच्या वडिलांनी सांगायला हवं. ते त्यांचे असतील तर तुम्ही काही देणं लागत नाही. तुमचे असतील तर अकरा महिन्यांचा भत्ता परत करावा लागेल."

तिनं तिथल्या तिथे बेरीज केली. पाच हजार दोनशे आणि वर काही डॉलर. डिसेंबरसाठी ठेवलेले जवळजवळ सगळे पैसे. मृदुला गाडीत येऊन बसली. पण तिला फारशी भीती वाटत नव्हती. बाबांची एक सही आली की झालं.

यशोधननं त्याच रात्री इंग्रजीत मसुदा केला. मी, मधुकर अमुकतमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर ठेवीतली रक्कम सर्वस्वी माझी असून माझ्या मुलीचा तिच्यावर कोणताही हक्क नाही. तो वाचताना शेवटच्या वाक्याशी मृदुला जराशी अडखळली, पण कायद्याची भाषा अशीच असते असं यशोधन म्हणाला. त्यानं मेल केला आणि फोन करून सगळी हकीकत बाबांच्या कानावर घातली. त्यात यशोधनची नोकरी गेल्याची गोष्टही आली. ती आजवर साताऱ्याला कुणी सांगितली नव्हती. वाचून रविवारी सांगतो, एवढंच बाबा म्हणाले.

रविवारी फोन आला तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. समोर मसुद्याची छापील प्रत होती आणि हातात लाल पेन. ते चौतीस वर्षं साताऱ्याच्या कोर्टात कारकून होते. साक्षीदारांना शपथ देणं आणि प्रतिज्ञापत्रं तपासून घेणं हेच त्यांचं काम होतं. त्यांनी आधी यशोधनच्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग दोन ठिकाणी स्वल्पविराम हलवायला सांगितला. वय लिहायचं राहिलं होतं. पत्ता पूर्ण हवा होता, "सातारा" एवढं लिहून चालत नाही. यशोधन सगळं टिपून घेत होता आणि मृदुलाकडे बघून भुवया उंचावत होता.

"लगेच दुरुस्त करून पाठवतो, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही फक्त सही करा."

"सही नाही करता येणार."

"का?"

"मजकूर खोटा आहे."

यशोधनला वाटलं पुन्हा स्वल्पविरामाचंच काही असेल. मागून आईचा आवाज आला. पोरीला एवढा खड्डा पडतोय आणि तुम्हाला एक सही जड झाली का, असं ती विचारत होती. बाबांनी तिला हातानं थांबवलं आणि फोन थोडा लांब धरला. पहिल्यांदाच त्यांचा सगळा चेहरा दिसला.

"ते पैसे माझे नाहीत, मृदुला. तू पाठवलेले आहेत."

तिला एकदम कळलं नाही. मग कळलं. ती इथे शिकायला आली तेव्हा तिच्या फीसाठी बाबांनी कर्ज काढलं होतं. नोकरी लागल्यावर तिनं ठरवलं की फीचा पैसा न पैसा परत करायचा. चार वर्षं ती दर महिन्याला साताऱ्याला पैसे पाठवत राहिली. त्या चार वर्षांत तिनं थंडीचा नवा कोट घेतला नाही, डबा सोडून बाहेर खाल्लं नाही. शेवटचा हप्ता पाठवला त्या दिवशी यशोधननं केक आणला होता, आणि त्यावर मेणबत्ती लावायची की नाही यावर दोघं हसले होते.

"त्यातून तुम्ही कर्ज फेडलंत ना?"

"कर्ज मी माझ्या पगारातून फेडलं. रिटायर व्हायच्या आधीच. फी मी मुलीच्या शिक्षणाला दिली होती, उसनी नव्हती दिली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी कशाला पाठवत राहिले असते?"

"तुला परत करायचं होतं," बाबा म्हणाले. "मी नको म्हटलं असतं तर ते तुझ्या मनाला लागलं असतं. म्हणून घेतले, आणि तुझ्या नावानं ठेवले. माझं नाव दुसरं लावलं ते मला बँकेत जाता यावं म्हणून."

"मलासुद्धा पत्ता लागू दिला नाही यांनी," आई म्हणाली. "मी दोन वर्षं मिक्सर मागतेय, तर म्हणे पेन्शन पुरत नाही."

यशोधन हसला. मृदुलाला हसू आलं नाही. तिला राग आला होता, आणि तो कुठून आला हे तिला नीट दिसत होतं. त्या अकरा महिन्यांत ती सुपरमार्केटमध्ये दुधाच्या कपाटापुढे उभी राहून हिशोब करायची. सिद्धीच्या शाळेच्या सहलीला तिनं ताप आल्याचं कारण सांगितलं होतं. त्या ऑफिसात पहिल्यांदा गेली तेव्हा कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून ती बाहेर गाडीत किती वेळ बसून होती. आणि तेव्हा तिच्याच नावावर, तिचेच कमावलेले आठ लाख साताऱ्यात मुदतीनं पडून होते. एक वाक्य कुणी बोललं असतं तर तिला त्या दारात जावंच लागलं नसतं.

"ते अकरा महिने आम्ही कसे काढले याची तुम्हाला कल्पना नाही, बाबा."

"कल्पना यायला सांगावं लागतं," बाबा म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्या वर्षी दर रविवारी मी विचारायचो, कामं कशी चाललीत? यशोधनराव म्हणायचे, हीप्स ऑफ वर्क. मी शब्दकोश काढून बघितला होता. ढीगभर काम."

यशोधन खाली बघू लागला. बाबांना काळजी लागायला नको म्हणून त्या दोघांनी सांगितलं नव्हतं. आणि तिला वाईट वाटू नये म्हणून बाबांनी. सगळ्यांनी एकमेकांना जपलं होतं आणि त्या जपण्याचे पाच हजार डॉलर झाले होते.

फोन ठेवल्यावर यशोधन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत राहिला. म्हातारा बरोबर बोलतोय, हाच त्याचा खरा त्रास होता. तरीही त्यानं एक शेवटचा प्रयत्न केला. बाबांच्या सहीशिवायही चालेल का, निदान अर्धे त्यांचे म्हणता येतील का, व्याज तर त्यांच्यामुळे वाढलंय. मृदुलानं कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"लोसानं एकच प्रश्न विचारला होता, पैसे कुणाचे," ती म्हणाली. "आता उत्तर मिळालंय. आवडलं नाही म्हणून दुसरं नाही शोधता येत."

"आणि तिकिटं?"

तिनं कणीक झाकून ठेवली आणि तवा गॅसवर चढवला.

मंगळवारी ती पुन्हा ऑफिसात गेली. लोसाला तिनं सगळं सांगितलं. पैसे माझेच आहेत, मला माहीत नव्हतं पण माझेच आहेत. लोसानं मान हलवली आणि आकडे पुन्हा तपासले. दंड काही लागणार नव्हता. एकदम द्यायची गरज नाही, आठवड्याला जमेल तेवढे दिले तरी चालतील, लोक असंच करतात, असं ती म्हणाली. मग तिनं कामाशी संबंध नसलेला एक प्रश्न विचारला. वडिलांनी सही का केली नाही?

मृदुलानं कारण सांगितलं. लोसानं संगणकापासून खुर्ची मागे सरकवली. तीही बारा वर्षं सामोआत, आपियाला, आईवडिलांना पैसे पाठवत होती, असं तिनं सांगितलं. त्यांनी मात्र त्या पैशांतून चर्चला छप्पर घातलं आणि डुकरं घेतली. "तुमचे निदान सापडले तरी," ती म्हणाली, आणि दोघीही हसल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून बघितलं.

परत येताना, मोटरवेवर ट्रॅफिक अडलं होतं तेव्हा, मृदुलाच्या मनात सगळं हळूहळू जागेवर बसलं. ठेव तिची होती. म्हणजे देणंही तिचं होतं. पण त्याचा आणखीही एक अर्थ होता, आणि तो तिनं अजून वापरलाच नव्हता. घरी येऊन तिनं यशोधनला विचारलं, बाजूला ठेवलेल्या पैशांतून भत्ता एकदम फेडून टाकू या का? तो म्हणाला, आणि आईबाबा काय पोहत येणार? तिनं त्याला पुढचं सांगितलं. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला की बाबांना हे ती सांगत असताना त्याला तिथे हजर राहायचंय.

बुधवारी दुपारी तिनं बँकेच्या साइटवरून सगळी रक्कम भरली. सिद्धी शेजारी बसून सफरचंद खात होती. एवढे पैसे कुणाला देतेस, असं तिनं इंग्रजीत विचारलं. मृदुलानं मराठीत सांगितलं की आपल्याला चुकून जास्त मिळाले होते, ते परत करतोय. "स्वीट ॲज," म्हणजे मस्तच, असं सिद्धी तिच्या शाळेतल्या बोलीत म्हणाली आणि सफरचंद घेऊन बाहेर गेली. मृदुलाला वाटलं होतं की बटण दाबताना जीवावर येईल. तसं झालं नाही. उलट नळ गळायचा थांबल्यावर घर कसं शांत होतं, तसं काहीसं वाटलं. ठेवीच्या व्याजावरचा कर तेवढा बघायचा राहिला होता. त्यासाठी तिनं शनिवारी एका अकाउंटंटची वेळ घेतली.

रविवारची वाट न बघता तिनं त्याच संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. पैसे भरून टाकले, हे आधी सांगितलं. बाबांनी सगळे का, असं विचारलं. सगळे, ती म्हणाली. त्यांनी मान खाली घातली आणि मग म्हणाले की डिसेंबरचं राहू दे, पुढे कधी जमेल तेव्हा बघू, गुडघे काही लगेच पळून जात नाहीत.

"बाबा, ती ठेव मोडायची आहे."

"मोड. तुझीच आहे. मला काय विचारतेस?"

"मोडून त्यातून दोन तिकिटं काढायची आहेत. सातारा-मुंबई गाडी, विमान, विमा, सगळं. तिथल्याच एजंटकडून."

बाबांच्या तोंडावर एकापाठोपाठ एक काय काय येऊन गेलं ते स्पष्ट दिसत होतं. मुलीच्या पैशानं विमानात बसायला त्यांचं मन अजून राजी नव्हतं. पण पैसे मुलीचे, म्हणजे खर्चही तिच्या मर्जीचा, आणि ते मुलीचे आहेत हे त्यांनीच सांगितलं होतं, लाल पेन हातात घेऊन.

"आता बोला," आई म्हणाली. "हलवा स्वल्पविराम."

यशोधननं तोंडावर हात धरला. बाबांनी एकच हरकत काढली. ठेवीची मुदत नोव्हेंबरात संपते, आधी मोडली तर व्याज कापतात, आणि उगाच बँकेला पैसे सोडायचे नाहीत. मृदुलानं हिशोब करून ठेवला होता. नोव्हेंबरपर्यंत थांबलं तर तिकिटं जेवढी महागतील, त्याच्या निम्मंही व्याज जात नव्हतं. तिनं दोन्ही आकडे सांगितले. बाबांनी ते तोंडानं पुटपुटत पडताळून बघितले आणि ठीक आहे म्हणाले. आईनं मिक्सरचं काय ते विचारलं. तोही त्यातूनच, मृदुला म्हणाली.

सगळं ठरलं तरी बाबांनी फोन ठेवला नाही. आईला त्यांनी चहा टाकायला पाठवलं. ती बडबडत गेली. मग ते खुर्ची ओढून खिडकीपाशी, उजेडात, नीट बसले.

"आता सांग," ते म्हणाले.

"काय?"

"ते अकरा महिने. कसे काढलेत ते."

मृदुलानं यशोधनकडे बघितलं. कुठून सुरुवात करायची तिला कळेना. नोकरी गेली तो दिवस, की त्याआधीचा आठवडा, की ते ऑफिस. तिनं यशोधन पहाटे पेपर टाकायला जायचा तिथून सुरू केलं. पहिल्याच दिवशी एका गल्लीत कुत्र्यानं त्याचा बूट पळवला होता, असं ती सांगत होती.

"बूट नाही, जँडल, रबरी चप्पल," यशोधन खुर्ची ओढून तिच्या शेजारी येत म्हणाला. "थांब, ते मी सांगतो."